माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे

नाशिक रोडहून गाडी मनमाडकडे निघाली की बाहेर बोडके, पिवळे माळ दिसू लागतात आणि ‘इथली झाडं कुणी तोडली?’ असं डब्यात कुणीतरी हळहळतं. हळहळ खरी असते, पण समज चुकीचा. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाटाच्या पर्जन्यछायेतल्या येवला भागात त्याचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा. इथे गवत आणि मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर हेच मूळचं रूप आहे.

पुरावा याच रेल्वेमार्गालगतच्या चाळीसगाव तालुक्यात मिळाला. पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कोरीवकाम केलेली कवचं सापडली, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची. शहामृग हा मोकळ्या रानाचा पक्षी. त्याच्या जातकुळीतला रिया आजही दक्षिण अमेरिकेतल्या पंपास गवताळ प्रदेशात राहतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी कथा, गाणी आणि आख्यायिका तपासून २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही १३व्या शतकापासून माळरानांच्या खुणा मिळाल्या.

‘झाडं नाहीत म्हणजे कार्बन साठत नाही’ हा दुसरा गैरसमज. गवत आपली कमाई मुळांत आणि मातीत ठेवतं, म्हणून वणवा गेला तरी ती शाबूत राहते. बीसुद्धा जमिनीकडेच वळतं: कुसळी गवताचं बी जवळून बघा. टोकदार बियाला लांब, पीळदार कुसळ असतं; दमट हवेत पीळ सुटतो, कोरड्यात पुन्हा बसतो आणि बी आपोआप जमिनीत घुसत जातं.

अशा गैरसमजांची किंमत माळरानं मोजतात. ब्राझीलमध्ये जगाचं लक्ष ॲमेझॉनकडे राहिलं आणि शेजारच्या सेराडो या गवताळ प्रदेशातली जवळपास निम्मी मूळ वनस्पतीसृष्टी सोयाबीन व कुरणांसाठी गेली. आपल्याकडे इंग्रजी अमलात महसूल न देणारी जमीन ‘पडीक’ ठरली आणि तो शिक्का अजून पुसलेला नाही.

‘झाडं लावली तर नुकसान काय?’ नुकसान होतं. येवला तालुक्यातल्या ममदापूरच्या काळविटांना लांडगा दुरूनच दिसायला हवा, माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो आणि सावलीत मारवेल, पवन्या ही गवतं टिकत नाहीत. मग मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगर-ठेलाऱ्यांनी जायचं कुठे?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालकांसाठी जाहीर केलं आहे. यंदा वृक्षारोपणाला निघाल तेव्हा रोपं नाशिकच्या जेल रोडच्या कडेला, शाळेच्या आवारात जरूर लावा. माळावर मात्र खड्डा खणण्याआधी तिथल्या मेंढपाळाला विचारा, इथे कोणतं गवत येतं.