चालकाच्या वेतनाचा हिशेब
लखनौच्या ट्रान्सपोर्ट नगरात नवा ट्रकमालक कर्जाचा हप्ता, डिझेल, पथकर, विमा काटेकोरपणे मांडतो. चालकाचा पगार मात्र उरेल त्यातून ठरवू पाहतो. मलिहाबादचा दशहरी आंबा मुंबईस पोहोचविणे म्हणजे सुमारे 1400 किलोमीटरचा पल्ला. केवळ फेरीमागे मोबदला ठरविल्यास परतीच्या मालासाठी खोळंबलेले दिवस चालकाच्या माथी बसतात आणि ते भरून काढण्यासाठी तो झोप मोडून गाडी हाकतो. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 तास व जादा कामास दुप्पट दर ठरविला, तो उगाच नव्हे. मासिक वेतन, खोळंब्याचाही भत्ता आणि वाटखर्च निराळा, असे लेखी ठरावे. वेतन बँक खात्यातच जमा व्हावे. पुढे चालकाने स्वतःच्या ट्रकसाठी कर्ज मागितले, तर शाखेत तीच नोंद उपयोगी पडते.