पहिल्या प्रतीची मेहनत

डिजिटल उत्पादन म्हणजे एकदा तयार करून कितीही वेळा विकता येणारी फाइल. स्वयंपाकाच्या कृतींचे ई-पुस्तक, रांगोळीचे आराखडे, बारशाची निमंत्रणपत्रिका, ध्वनिमुद्रित गोष्ट, ब्लाउज बेतण्याचा व्हिडिओ, मुलांना अक्षरे गिरवायला दिलेला कित्ता हे सगळे त्यात येते. लोणच्याची शंभरावी बरणी भरतानाही कैऱ्या चिराव्याच लागतात. शंभराव्या फाइलला काहीच लागत नाही. सगळी मेहनत पहिल्या प्रतीत जाते, आणि त्या प्रतीत राहिलेली चूकही शंभर घरी पोहोचते.

संगणक नसलेल्या माणसाच्या आवाक्यात हा व्यवसाय आला तो 2016 नंतर. त्या वर्षी एप्रिलमध्ये यूपीआयची सुरुवात झाली आणि सप्टेंबरमध्ये जिओची सेवा आली. मोबाइल डेटा स्वस्त झाला, आणि चाळीस-पन्नास रुपये घरबसल्या थेट बँकेत जमा होऊ लागले. त्याआधी 50 रुपयांची फाइल कोणी बनवलीही असती, पण अकोल्याच्या गिऱ्हाइकाकडून ते 50 रुपये साताऱ्यात आणायचे कसे, हा प्रश्न होता.

फोनवर सगळेच सारखे सोपे नाही. तीनशे पानांची कादंबरी लहान पडद्यावर जुळवणे जिकिरीचे होते. आठ-दहा पानांची पुस्तिका, तक्ता, पत्रिका, दहा मिनिटांचा ध्वनी मात्र फोनवर उत्तम होतो. आवाजासाठी महागडा माइकही लागत नाही. पंखा बंद करून, कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर बसून बोलले तर खोलीतला घुमारा बराच कमी होतो.

मराठी कित्त्याचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्याला खरी मागणी आहे. इंग्रजी शाळेत जाणारी मुले इथेही आहेत आणि परदेशातही, आणि तिकडची अनेक महाराष्ट्र मंडळे मराठीच्या शाळा चालवतात. घरी छापून मुलाच्या हाती देता येईल असे पान त्या पालकांना हवे असते. कॅनव्हासारख्या अ‍ॅपमध्ये ए-4 आकाराचे पान घ्यायचे, ठळक अक्षर ठेवायचे, त्याखाली फिकट अक्षरांच्या ओळी. काम सोपे दिसते, पण खरी परीक्षा अक्षरांपाशी होते. राज्य शासनाने 2009 साली वर्णमालेचा जो निर्णय काढला, त्यात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरला. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये मात्र हिंदी वळणाची रूपे उमटतात. मूल जे गिरवेल तेच त्याच्या हातात बसणार, म्हणून फॉन्ट निवडताना ही दोन अक्षरे आधी पाहावीत.

दुसरी अडचण ‘ऱ्य’ची. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. कीबोर्डवर साधा ‘र’ घेऊन पाय मोडला आणि पुढे ‘य’ लिहिला तर रफार येतो. चंद्रकोरीसारखे वळण हवे असेल तर नुक्त्याचा ‘ऱ’ शोधून मग पाय मोडावा लागतो. काही अ‍ॅप्स जोडाक्षरे फोडतात किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या मागे टाकतात. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्री’, ‘कि’ आणि ‘दऱ्या’ एवढे लिहून पाहिले की अ‍ॅपची पारख होते. फॉन्टचा परवानाही पाहायला हवा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामासाठीही ते विनामूल्य वापरता येतात.

पान तयार झाले की ते पीडीएफमध्ये साठवावे. अशा फाइलमध्ये फॉन्ट सहसा आतच बसतो, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या फोनवर अक्षरे बदलत नाहीत. चित्र म्हणून साठवायचे असेल तर ए-4 च्या स्वच्छ छपाईसाठी साधारण 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ते फोटो म्हणून पाठवले की आकुंचन पावते आणि कडा धूसर होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावे. विक्रीआधी एक प्रत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्यात छापून पाहणे फार उपयोगाचे असते. पडद्यावर छान दिसणारी फिकट अक्षरे कागदावर कधी कधी उमटतच नाहीत.

दुसऱ्याची निर्मिती परवानगीशिवाय आपल्या फाइलमध्ये घालता येत नाही. भारतात 1957 च्या कायद्यानुसार साहित्याचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांचे लेखन 2011 पासून खुले आहे. टीव्हीवरच्या कार्टूनची चित्रे मात्र मुलांना कितीही आवडली तरी कित्त्यात वापरू नयेत. डिझाइन अ‍ॅपमधले तयार चित्र आहे तसेच उचलून विकायलाही परवान्यात सहसा मनाई असते.

विक्रीची सुरुवात बहुतेक जण व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरून करतात. त्यात वस्तूंचा कॅटलॉग लावता येतो. पैसे यूपीआयने घेतले तर प्रत्येक फाइल हाताने पाठवावी लागते. पैसे भरताच फाइल आपोआप देणारी संकेतस्थळेही आहेत. तिथे पॅन आणि बँक खात्याची पडताळणी होते आणि प्रत्येक विक्रीमागे कमिशन कापले जाते. त्यातला काही भाग ठरावीक रकमेचा असेल तर 30 रुपयांच्या फाइलमध्ये हाती फारसे उरत नाही. अशा वेळी चार-पाच फाइलींचा संच करून विकणे बरे. ई-पुस्तकासाठी अ‍ॅमेझॉनच्या किंडल सेवेत मराठी चालते, पण तिच्या सिलेक्ट योजनेत गेल्यास तेच ई-पुस्तक 90 दिवस दुसरीकडे विकता येत नाही.

फसवणूक होते ती बहुधा घाईत. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट बनवणे अवघड नाही, म्हणून आपल्या खात्यात रक्कम दिसल्यावरच फाइल द्यावी. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. मिळकत आयकराच्या विवरणपत्रात दाखवावी लागते. जीएसटीत अशी विक्री सेवा मानली जाते आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही.

विकत घेतलेली फाइल लोक पुढे पाठवतात, ते पूर्ण थांबवता येत नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी विकत घेणाऱ्याचे नाव छापले की हात थोडा आखडतो. घेणाऱ्यांची नोंद ठेवण्याचा याहून मोठा उपयोग वेगळाच आहे. ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ पडल्याचे महिन्याने कुणा आजीच्या लक्षात आले, तर त्या यादीतल्या प्रत्येकाला सुधारलेली फाइल त्याच दिवशी विनामूल्य पाठवता येते.