ओढ चारशे अँपिअरची!

थार घेतली, टायर बदलले, मागच्या काचेवर डोंगराचं स्टिकरही चिकटवलं. आता पुढे विंच लावायचाय? मग बोनेटखाली नक्की काय जोडलं जातंय, ते एकदा नीट बघाच.

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडी किंवा ऐरोलीच्या कुठल्याही ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक चक्कर टाका. २०२० साली नवी थार आली, २०२३ मध्ये जिम्नी आली आणि बघता बघता सेडानच्या रांगेत उंच, चौकोनी गाड्या डोकावायला लागल्या. आठवडाभर बेसमेंटमध्ये धूळ खायची आणि शनिवारी पहाटे ताम्हिणीचा रस्ता धरायचा, हा त्यांचा दिनक्रम. पहिला पाऊस पडला की इन्स्टावर चिखलाचे फोटो सुरू!

‘फोर बाय फोर आहे ना, मग अडकेल कशी?’ हा प्रश्न विचारणारे अजून एकदाही अडकलेले नसतात. खाली पकडच नसेल तर चारही चाकं अगदी एकदिलाने खड्डा खणतात, एवढाच काय तो फरक. मग कुणीतरी चालत गावात जातं आणि एखादे काका ट्रॅक्टर घेऊन येतात. हसत हसत गाडी काढून देतात, कधीकधी पैसेही घेत नाहीत. पण जुलैमध्ये ट्रॅक्टर चिखलणीला जुंपलेला असतो, भाताची लावणी थांबवून तुमच्या वीकेंडसाठी कुणी का यावं? अशा वेळी स्वतःला स्वतःच ओढून काढायची सोय म्हणजे विंच. गाडीच्या नाकावर बसवलेली मोटर, गिअरबॉक्स आणि रोप गुंडाळलेला ड्रम. रोपचं टोक झाडाला बांधायचं, बटण दाबायचं आणि गाडी रोपच्या दिशेने सरकायला लागते.

अमेरिकेत १९४८ मध्ये आर्थर वॉर्न नावाच्या माणसाने युद्धातून उरलेल्या जीपना लॉकिंग हब बसवायचा धंदा सुरू केला. त्याच्याच कंपनीने पुढे हौशी मंडळींच्या गाड्यांसाठी इलेक्ट्रिक विंच आणले. आज चिनी, ऑस्ट्रेलियन, भारतीय असे ढीगभर ब्रँड मिळतात आणि किमतीही चाळीस-पन्नास हजारांपासून लाखाच्या वर जातात. पण सगळ्यांची मूळ रचना तीच आहे.

किती ताकदीचा घ्यायचा?

सोपा हिशेब आहे. माणसं, सामान, टपावरचा तंबू असं सगळं धरून गाडीचं जे वजन होईल, त्याच्या दीडपट. समजा भरलेली गाडी २२०० किलोची आहे, तर ३३०० किलो. विंचवर आकडा पौंडात छापलेला असतो, म्हणजे साधारण ७३०० पौंड. बाजारात ८०००, ९५०० आणि १२००० पौंडाचे विंच मिळतात. थारला ९५०० चा विंच व्यवस्थित पुरतो. जिम्नी रिकामी जेमतेम बाराशे किलोची. तिच्या नाकावर १२००० चा धोंडा टांगायचं काहीच कारण नाही. हल्ली मोठा आकडा मिरवायची फॅशन आहे, पण विंच आणि स्टीलची प्लेट मिळून पुढच्या स्प्रिंगवर पन्नासेक किलो जादा वजन येतं आणि ते रोज, ट्रॅफिकमध्येसुद्धा, वाहायचं असतं.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. हा आकडा ड्रमवर रोपचा फक्त शेवटचा, सगळ्यात आतला थर उरलेला असतानाचा असतो. ड्रम भरलेला असेल तर ताकद जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होते. म्हणजे गाडी अगदी झाडाजवळ अडकलीय म्हणून खूश होऊ नका, लांबचं झाड उलट चांगलं!

दोन गीझर आणि एक इस्त्री

आता मुद्द्याचं. विंच लावण्यात नट-बोल्ट आवळणं हा सोपा भाग, खरी गंमत वायरिंगमध्ये आहे. घरातला दोन किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर जेमतेम नऊ अँपिअर घेतो. विंच पूर्ण जोर लावतो तेव्हा १२ व्होल्टवर चारशेच्या वर अँपिअर खेचतो. म्हणजे ४८०० वॅट. दोन गीझर आणि वर एक इस्त्री, आणि हे सगळं गाडीच्या एका बॅटरीवर! गाडीचा ऑल्टरनेटर फार तर शंभर-दीडशे अँपिअर देणार, उरलेला करंट बॅटरीतूनच जातो. म्हणून विंच चालवताना इंजिन चालू हवंच, थोडं रेस केलेलं असेल तर उत्तम. आणि बॅटरी म्हातारी झाली असेल तर आधी ती बदला, मग विंचचं बघा.

एवढा करंट न्यायचा तर केबलही तशीच जाड हवी. ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल धरा. बॅटरी ते विंच जाऊन-येऊन चार मीटर झाले, तर चारशे अँपिअरला वाटेतच पाऊण व्होल्टच्या आसपास गळतो. तिथे १६ एमएमची केबल टाकली तर पावणेदोन व्होल्ट गळतात आणि दर मीटरला पावणेदोनशे वॅटची उष्णता तयार होते. म्हणजे मोटर अर्धपोटी आणि केबल तव्यासारखी.

जोडणीचा मार्ग असा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून केबल निघते ती आधी एका मोठ्या कट-ऑफ स्विचमध्ये, तिथून सोलेनॉइडच्या डब्यात. हा डबा म्हणजे विंचचा मेंदू. तुमच्या हातातला रिमोट किंवा डॅशबोर्डवरचा स्विच फक्त एक बारीक सिग्नल देतो, आत ‘टक्’ असा आवाज होतो आणि जाडजूड कॉन्टॅक्ट जुळून मोटरला करंट मिळतो. डब्यातून मोटरच्या तीन टर्मिनलवर केबल जातात, त्यावर बहुतेक वेळा ‘ए’, ‘एफ-वन’, ‘एफ-टू’ लिहिलेलं असतं. करंट एका एफमधून गेला की ड्रम सुलट फिरतो, दुसऱ्यातून गेला की उलट. मोटरच्या बॉडीवरून निघणारी अर्थची केबल थेट बॅटरीच्या निगेटिव्हला आणायची. ‘चासीला मारली तरी चालतं की!’ असं म्हणणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर गोड हसून दुसरा शोधा. रंगलेल्या, गंजलेल्या पत्र्यातून चारशे अँपिअर नीट जात नाहीत. मात्र इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. त्याला हात लावण्याआधी गाडीच्या कंपनीच्या माणसाला विचारा.

मोटरच्या टर्मिनलवर दोन नट असतात. वरचा आवळताना खालचा दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचा. नाहीतर अख्खा बोल्ट फिरतो आणि मोटरच्या आतली जोडणी तुटते. बाहेरून काही दिसत नाही. कळतं ते थेट चिखलात.

काळ्या टेपची करामत

आमच्या ओळखीतल्या एका बँकवाल्याने शहरातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात विंच लावून घेतला. दुकानाचं नाव नको. किटमधली केबल लांबीला पुरेना, म्हणून तिथल्या पोराने एक बारीक तुकडा जोडला आणि वर झकास काळी टेप गुंडाळली. कट-ऑफ स्विच? ‘त्याची काय गरज साहेब!’ पवनेच्या मागच्या बाजूला पहिल्याच खऱ्या ओढीत अर्ध्या मिनिटात बोनेटमधून धूर आला. रिमोटचं बटण सोडलं तरी विंच थांबेना, कारण तापून सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट आतल्या आत चिकटले होते. मागच्या सीटवर दोन लहान पोरं. बॅटरीचा नट सोडवायचा पाना डिकीत, सगळ्या सामानाच्या तळाशी. बायकोने पोरांना बाहेर काढलं, याने हाताला टॉवेल गुंडाळून टर्मिनल कसंबसं उपटलं. सगळे सुखरूप आहेत. बोनेटखालचा अर्धा प्लॅस्टिकचा संसार मात्र वितळला.

मुख्य केबलवर बऱ्याच विंच कंपन्या फ्यूज देत नाहीत, कारण प्रत्येक जोरदार ओढीला तो उडेल. आणि ही केबल गाडीच्या नाकापर्यंत जाते, म्हणजे अपघातात सगळ्यात आधी चेपणाऱ्या भागात. इन्सुलेशन फाटलं आणि तांबं चासीला टेकलं की बॅटरी सगळी ताकद तिथेच ओतते. म्हणून कट-ऑफ स्विच बॅटरीच्या जवळ, हात पोहोचेल असा बसवायचा आणि विंच वापरायचा नसेल तेव्हा बंद ठेवायचा. केबलवर जाड नालीदार नळी, पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, टर्मिनलवर रबरी टोपी, आणि सायलेन्सर व फॅनपासून लांब. लग हातोडीने ठोकून नाही, हायड्रॉलिक मशीनने दाबलेले हवेत. हे सगळं स्वतः उभं राहून बघा. दुकानातल्या एसीत चहा पीत बसू नका!

बंपर आणि पावती

विंच टेकतो तो चासीला बोल्ट केलेल्या स्टीलच्या प्लेटवर. कंपनीच्या प्लॅस्टिक बंपरचा इथे काही उपयोग नाही. बहुतेक विंचच्या चार बोल्टचं माप एकच असतं, १० इंच बाय साडेचार. पण भलामोठा लोखंडी बंपर लावायच्या आधी थांबा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे. हे फक्त पावतीपुरतं नाही. पुढे लोखंड आलं की धडकेचा धक्का बदलतो, एअरबॅगचं गणित बिघडू शकतं आणि समोर पादचारी असेल तर त्याचं काय होईल ते सांगायला नको. मूळ बंपरच्या मागे लपणारी प्लेट मिळते का ते आधी पाहा, आणि आरटीओ व इन्शुरन्सवाल्यांशी बोलून घ्या.

रोप स्टीलचा की सिंथेटिक? बिनदिक्कत सिंथेटिक घ्या. हलका असतो, हाताला कुसळं टोचत नाहीत आणि तुटला तर स्टीलसारखा चाबूक होत नाही. त्यासोबत गुळगुळीत ॲल्युमिनिअमचा फेअरलीड लावा, स्टील रोपने चरे पाडलेले जुने रोलर नकोत. नवा रोप तसाच ड्रमवर सैल ठेवू नका. शेवटचे दहा वेढे सोडून पूर्ण बाहेर काढा आणि हलक्या चढावर गाडीलाच ओढायला लावून ताणात गुंडाळा. नाहीतर पहिल्या जोराला वरचा थर खालच्यात रुततो.

आणि मग तो दिवस येतो. झाडाला रोप थेट बांधायचा नाही, साल सोलली जाते, झाडही मरतं. रुंद पट्टा आणि शॅकल वापरा. रोपवर मधोमध जाड पोतं किंवा ओलं जॅकेट टाका. ताणलेल्या रोपवरून उडी मारणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्याला रोपच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा, मोबाइलसकट. एका दमात अर्धा-एक मिनिट ओढायचं, मग मोटरला थंड होऊ द्यायचं. फारच रुतली असेल तर पुली ब्लॉक लावा. वेग निम्मा होतो, ओढ जवळजवळ दुप्पट.

२०१४ मध्ये रेनफॉरेस्ट चॅलेंज ही मूळची मलेशियातली स्पर्धा भर पावसात गोव्यात पहिल्यांदा झाली. तिथे ड्रायव्हरइतकाच महत्त्वाचा असतो तो कमरेएवढ्या चिखलात हुक घेऊन धावणारा को-ड्रायव्हर. आपल्यापैकी बहुतेकांना एवढं काही करायचं नसतं. खरं सांगायचं तर वर्षातून दोनदा लोणावळ्याला जाणाऱ्याने एक चांगली रिकव्हरी स्ट्रॅप, फावडं आणि टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर घ्यावा. हवा कमी केली की निम्म्या गाड्या आपोआप निघतात.

ज्यांनी लावलाच आहे, त्यांनी पावसाळा संपला की रोप पूर्ण बाहेर काढून साध्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा. महिन्यातून एकदा मोटर दोन्ही बाजूंना फिरवून बघायची, म्हणजे आत शिरलेलं पाणी गंज धरत नाही. टर्मिनलचे नट तेव्हाच तपासा, आणि दहा नंबरचा पाना डिकीत नाही, दाराच्या खणात ठेवा.