बाहेर आल्यावर पुन्हा हिंसा?

मानसिक आजाराच्या भरात हिंसक गुन्हा घडलेला असतो. न्यायालय रुग्णाला तुरुंगाऐवजी मनोरुग्णालयात पाठवते. उपचारांनी तो सावरतो आणि मग त्याला घरी सोडायचे का, हा प्रश्न उभा राहतो. पुन्हा तसेच घडले तर, ही भीती कुटुंबाला असते, शेजाऱ्यांना असते आणि डॉक्टरांनाही असते.

ही भीती कितपत खरी ठरते, हे अमेरिकेतील एका निकालामुळे तपासता आले. मारहाणीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या जॉनी बॅक्सस्ट्रॉम याला न्यूयॉर्क राज्यात गुन्हेगार मनोरुग्णांच्या रुग्णालयात ठेवले होते. १९६१ मध्ये शिक्षा संपली, तरी सुटका झाली नाही. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले. त्यामुळे त्याच्यासारख्या ९६७ रुग्णांना कडेकोट बंदोबस्तातून साध्या मनोरुग्णालयांत हलवावे लागले. तेथील कर्मचारी धास्तावले होते.

हेन्री स्टेडमन आणि जोसेफ कोकोझा या संशोधकांनी या रुग्णांचा चार वर्षे मागोवा घेतला. पुन्हा कडक बंदोबस्तात पाठवावे लागले ते फक्त २६ जणांना, म्हणजे शंभरात तिघांहूनही कमी. यातील अनेकांचे वय बरेच झाले होते, हे लक्षात घ्यायला हवे. तरीही ज्यांना वर्षानुवर्षे ‘धोकादायक’ म्हणून कोंडून ठेवले, त्यांच्यातील बहुतेकांच्या बाबतीत तो अंदाज चुकला होता.

याचा अर्थ धोका नसतोच, असा नाही. मात्र तो केवळ आजाराच्या नावावरून ओळखता येत नाही. आधीची हिंसा, तरुण वय, दारू किंवा अमली पदार्थांचे व्यसन आणि मध्येच सुटलेले उपचार या गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात. यातील पहिल्या दोन बदलता येत नाहीत; शेवटच्या दोन बदलता येतात.

उपचारांचे महत्त्व स्वीडनमधील अभ्यासातून दिसते. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८० हजारांहून अधिक मनोरुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. हे सर्व गुन्हा केलेले रुग्ण नव्हते. एकाच रुग्णाचा औषध चालू असतानाचा आणि बंद असतानाचा काळ ताडून पाहिला, तेव्हा मनोविकृतीविरोधी औषधे चालू असताना हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी आढळले.

म्हणूनच सुटकेच्या दिवशी काम संपत नाही. औषध कोण देणार, तपासणी कधी, व्यसनमुक्तीचे उपचार कुठे, झोप उडाली किंवा संशय वाढला तर कोणाला कळवायचे, हे आधीच ठरलेले हवे. भारतातील २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही रुग्णालयातून सोडताना पुढील उपचारांचे नियोजन करण्याची तरतूद आहे. ते नियोजन कागदावरच राहिले, तर रुग्ण आणि शेजारी दोघेही असुरक्षित राहतात.