घोड्याचं वय त्याच्या तोंडात

फेब्रुवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी होते. तिच्यात पळणारे सगळे घोडे चार वर्षांचे. आपलं चार वर्षांचं पोर बालवाडीच्या दारात आईचा पदर सोडत नाही, आणि हा गडी जॉकीला पाठीवर घेऊन २४०० मीटर धावतो. माणसाच्या मापाने तो विशीत आलेला असतो.

घोड्याचं बालपण असं भराभर उरकतं. अकरा महिने पोटात वाढलेलं शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभं राहतं आणि त्याच दिवशी आईमागे पळू लागतं. मोकळ्या माळावर लोळत पडणारं पिल्लू लांडग्याच्या तोंडी गेलं असतं. पहिल्या एका वर्षात ते आपली साडेसहा वर्षं जगून घेतं, तिसऱ्या वर्षी अठराचं होतं. पुढे वेग मंदावतो. पाचव्यानंतरचं प्रत्येक वर्ष आपल्या अडीच वर्षांएवढं. म्हणजे वीस वर्षांचा घोडा साठीचा. हा ठोकताळाच, कारण सगळं शरीर एका चालीने वाढत नाही. पायाची खालची हाडं लवकर पक्की होतात, मणके मात्र पाच-साडेपाच वर्षांपर्यंत वाढत राहतात. डर्बी जिंकणाऱ्या घोड्याची पाठ अजून पुरती घडलेलीही नसते!

जन्मतारीख माहीत नसेल तर? नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणता गिऱ्हाईक आधी घोड्याचे ओठ वर करतो. पुढचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या वयापासून जोडीजोडीने पडतात. पाचव्या वर्षी सगळे पक्के. नव्या दाताच्या माथ्यावर काळसर खळगा असतो. खालच्या मधल्या जोडीतला तो सहाव्या वर्षाच्या सुमारास झिजून जातो, शेजारच्या जोडीतला सातव्या, कडेच्या दातांतला आठव्या. दहाव्या वर्षी वरच्या कडेच्या दातावर, हिरडीपाशी, एक उभी चर दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती निम्म्या दातापर्यंत उतरते, विसाव्या वर्षी टोकाला पोहोचते. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की झीज हीच इथे नोंद आहे.

दाढांचं तर आणखी नवल. तरुण घोड्याची दाढ सात-आठ सेंटीमीटर लांब, पण बहुतेक सगळी जबड्यात दडलेली. गवतातली सिलिका आणि धूळ तिला वर्षाला दोन-तीन मिलिमीटर झिजवते, आणि तेवढीच ती शिसपेन्सिलीसारखी वर सरकते. भागाकार करून पाहा, साधारण तीस वर्षं येतात. घोड्याचं आयुष्यही पंचवीस ते तीस. साठा संपला की चारा चावला जात नाही. मग भिजवलेल्या, मऊ खाद्यावर त्याला जपावं लागतं.

आणि तरीही इंग्लंडमध्ये कालव्यावर नावा ओढणारा 'ओल्ड बिली' १७६० ते १८२२ असा ६२ वर्षं जगल्याची नोंद आहे. त्याची कवटी मँचेस्टरच्या संग्रहालयात ठेवली आहे. वरच्या हिशेबाने त्याचं माणसाचं वय काढायला गेलं तर ते दीडशेच्याही पुढे जातं.