जुन्या गाडीतील कूलंटची गळती : निदान, दुरुस्ती आणि खर्चाचा हिशेब

अमेरिकेच्या रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारींचे सरासरी वय २०२४ साली १२.६ वर्षांवर पोहोचले. नव्या गाड्यांच्या किमती वाढल्या, कर्जावरील व्याज वाढले आणि पूर्वी दहा वर्षांत निरोप दिली जाणारी गाडी आता पंधरा-सोळा वर्षे सांभाळली जाऊ लागली. मराठी घरांतही हे चित्र वेगळे नाही. मायदेशी परतणाऱ्या विद्यार्थ्याकडून घेतलेली सिव्हिक, मुले महाविद्यालयात जाईपर्यंत टिकवलेली ओडिसी किंवा आई-वडील भेटीला आले की बाहेर काढली जाणारी दुसरी गाडी अशा रूपांत जुनी वाहने आपल्या अंगणात उभी असतात. अशा गाडीला हमखास गाठणारा, आणि दुर्लक्ष केल्यास थेट इंजिनाचा बळी घेणारा विकार म्हणजे कूलंटची गळती.

घाटातील सवय आणि अमेरिकेतील हिवाळा

कसारा किंवा खंबाटकी घाटात बॉनेट उघडून उभी असलेली, वाफा टाकणारी गाडी महाराष्ट्रातील एका पिढीने नेहमी पाहिली आहे. त्यावरचा उपाय ठरलेला असे : इंजिन निवू द्यायचे, डिकीतील बाटलीतले पाणी रेडिएटरमध्ये ओतायचे आणि पुढे निघायचे. लॉस एंजेलिसहून लास व्हेगसकडे जाताना बेकर गावानंतर लागणाऱ्या लांब चढावर आजही रेडिएटरसाठी पाणी ठेवल्याच्या पाट्या दिसतात. म्हणजे अडचणीच्या वेळी पाणी घालण्याची रीत अमेरिकेलाही परकी नाही. मात्र ते पाणी तसेच गाडीत राहिले तर धोका आहे.

कूलंट म्हणजे साधारणतः निम्मे इथिलिन ग्लायकॉल आणि निम्मे पाणी. हे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सियसपर्यंत गोठत नाही आणि वातावरणाच्या दाबाखाली सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही. रेडिएटरचे झाकण यंत्रणेत दाब टिकवते. प्रति चौरस इंच १५ पौंड दाबाला हाच उत्कलनबिंदू १२९ अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे सैल झालेले झाकण ही किरकोळ बाब नव्हे. दाब टिकला नाही की एरवी सुरक्षित असलेल्या तापमानालाही कूलंट उकळू लागते.

गळती सुरू झाल्यावर दर आठवड्याला नळाचे पाणी घालत राहिले, तर मिश्रण पातळ होत जाते. उन्हाळ्यात काही जाणवत नाही. शिकागो किंवा मिनियापोलिसच्या पहिल्या कडक थंडीत मात्र ते गोठते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि त्या जोराने रेडिएटर, प्रसंगी इंजिनाचा ब्लॉकसुद्धा तडकतो. शिवाय नळाच्या पाण्यातील क्षार आतील अरुंद मार्गांत साचतात. म्हणून भर घालायची ती ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळलेल्या कूलंटची. दुकानात तयार मिश्रणही मिळते.

लक्षणे ओळखताना

पहिली खूण गाडीखाली दिसते. रात्री पुठ्ठ्याचा मोठा तुकडा गाडीखाली सरकवून ठेवला, तर सकाळी डागाचा रंग आणि जागा दोन्ही समजतात. उन्हाळ्यात प्रवाशाच्या बाजूला ठिबकणारे रंगहीन, वासहीन पाणी बहुधा वातानुकूलन यंत्राचे असते आणि ते निर्धोक आहे. कूलंट हिरवे, नारिंगी, गुलाबी किंवा निळे, बोटांना बुळबुळीत आणि गोडसर वासाचे असते. वासावरून ओळखावे, चव कधीही घेऊ नये. लालसर तेलकट डाग गिअरबॉक्सच्या तेलाचा, तर काळपट तपकिरी डाग इंजिन ऑइलचा असण्याचा संभव अधिक.

प्रत्येक गळती जमिनीवर येतेच असे नाही. हीटर लावताच गोड वास येणे, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके धरणे आणि प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओला होणे, ही तिन्ही लक्षणे डॅशबोर्डच्या आतील हीटर कोअरकडे बोट दाखवतात. तापमानाचा काटा वर चढत असताना हीटरमधून अचानक गार हवा येऊ लागली, तर कूलंटची पातळी फार खाली गेली असे समजावे. या अवस्थेत काट्यावरही विसंबता येत नाही. तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडालेला नसेल, तर इंजिन होरपळत असतानाही काटा शांत राहू शकतो.

रस्त्यात काटा चढला तर

वातानुकूलन बंद करावे, हीटर पूर्ण क्षमतेने सुरू करावा, म्हणजे इंजिनातील काही उष्णता गाडीच्या आत ओढली जाते, आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. ‘पुढचा एक्झिट दोनच मैलांवर आहे’ हा हिशेब महागात पडतो. आजच्या बहुतेक गाड्यांचे सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते. ते अति तापले की वाकते, हेड गॅस्केट निकामी होते आणि एका नळीची दुरुस्ती संपूर्ण इंजिनाच्या खर्चापर्यंत पोहोचते.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब सुटताच आतील द्रव क्षणात उकळून उसळतो आणि चेहरा व हात गंभीर भाजतात. वरची नळी हाताने सहज दाबता येईल इतकी निवेपर्यंत वाट पाहावी. त्यास अर्धा तास किंवा अधिकही लागतो. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतल्यासही धातूला तडा जाण्याची भीती असते. पातळी टिकत नसेल, तर गाडी ओढून नेण्यासाठी ट्रक बोलावणेच स्वस्त.

गळतीचा शोध

निदानाची सुरुवात थंड इंजिनावर होते. कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करून ती रोज सकाळी पाहावी. नंतर विजेरी घेऊन नळ्यांची टोके, क्लिपा, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंप तपासावा. गळालेले कूलंट वाळले की पांढरट किंवा रंगीत खपली मागे ठेवते. वॉटर पंपाला मुद्दाम ठेवलेले एक लहान छिद्र असते. आतील सील झिजले की कूलंट तेथून पाझरते. त्या छिद्राखाली ओघळ दिसला, तर पंपाचे आयुष्य संपत आले असे मानावे.

डोळ्यांना काही दिसले नाही, तर दाबचाचणी करावी. हातपंप आणि दाबमापक असलेले हे उपकरण झाकणाच्या जागी बसवून, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरायची. पंधरा मिनिटांत काटा उतरला तर गळती निश्चित. मग ती बाहेर कुठे दिसते ते शोधायचे. ऑटोझोन आणि ओरायली यांसारख्या दुकानांतून हे उपकरण अनामत भरून घरी नेता येते आणि परत करताच रक्कम मिळते. त्याच संचातील जोडणीने झाकणाचीही परीक्षा करावी. सूक्ष्म गळतीसाठी कूलंटमध्ये विशिष्ट रंगद्रव्य मिसळतात. दोन-चार दिवस गाडी चालवून अतिनील दिव्याखाली पाहिले की गळतीची जागा चमकते.

दाब उतरतो पण बाहेर थेंबही नाही, अशा वेळी संशय आतल्या भागांवर जातो. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा, गोड वासाचा धूर आणि डिपस्टिकवर दुधाळ ऑइल ही हेड गॅस्केट फुटल्याची लक्षणे आहेत. केवळ ऑइलच्या झाकणाखाली थोडा दुधाळ थर असला, तर मात्र घाबरू नये. थंडीत छोट्या फेऱ्यांमुळे साचलेल्या बाष्पानेही तो येतो. खात्रीसाठी रासायनिक चाचणी आहे : रेडिएटरमधील वाफ निळ्या द्रवातून ओढली जाते. ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये मिसळत असतील, तर पेट्रोल इंजिनात तो द्रव पिवळा पडतो.

ज्ञात दोषांचा इतिहास

चुकीच्या निदानाने पैसे वाया जाऊ नयेत, यासाठी आपल्या गाडीचा इतिहास ठाऊक असणे उपयोगी ठरते. २००६ ते २००८ आणि २००९ मधील सुरुवातीच्या काही होंडा सिव्हिक गाड्यांत, १.८ लिटर इंजिनाच्या ब्लॉकलाच तडा जाऊन कूलंट गळत असे. होंडाने या दोषासाठीची हमी मूळ विक्रीपासून दहा वर्षांपर्यंत वाढवली आणि ब्लॉक बदलून दिले. ती मुदत आता सर्वच गाड्यांसाठी उलटली आहे. म्हणून आज अशी सिव्हिक घेणाऱ्याने ब्लॉक बदलल्याची नोंद मागावी. नोंद नसेल आणि पातळी उतरत असेल, तर नवा रेडिएटर बसवण्यापूर्वी ब्लॉकची मागील व पुढील बाजू तपासून घ्यावी.

सुबारूच्या जुन्या २.५ लिटर इंजिनात सिलिंडर आडवे असल्याने हेड गॅस्केटची गळती हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्याच्या खालच्या कडेला बाहेर दिसते. २००५ ते २०१० च्या निस्सान पाथफाइंडर, एक्सटेरा व फ्रंटियर गाड्यांत रेडिएटरमधील गिअरबॉक्स-ऑइलची शीतक नळी आतून फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरत असे. तेथे गळती जमिनीवर दिसतच नाही. गिअर हिसके देऊ लागतात. रिकॉल झाले आहे का, हे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर गाडीचा सतरा-अंकी ओळख क्रमांक भरून विनामूल्य पाहता येते. वाढीव हमी म्हणजे रिकॉल नव्हे. तिची चौकशी डीलरकडेच करावी लागते.

दुरुस्ती : घरी की गॅरेजमध्ये

झाकण, नळी, क्लिप आणि अनेक गाड्यांतील थर्मोस्टॅट ही कामे साधी हत्यारे व संयम असलेल्या माणसाला घरी जमतात. मात्र अनेक अपार्टमेंट संकुलांत वाहनतळावर दुरुस्तीला मनाई असते. करारनामा आधी वाचावा. प्लॅस्टिकच्या टाक्या आणि ॲल्युमिनियमची जाळी असलेला रेडिएटर सांध्यात तडकला, तर तो जोडत बसण्यापेक्षा नवा बसवणे शहाणपणाचे. होंडा ओडिसीच्या व्ही-सिक्स इंजिनासारख्या ज्या इंजिनांत टायमिंग बेल्टच वॉटर पंप फिरवतो, तेथे पंप आणि बेल्ट एकाच वेळी बदलावेत. दोन्हींसाठी उघडावा लागणारा भाग एकच असल्याने मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागत नाही. हीटर कोअर स्वतः महाग नसतो, पण त्यासाठी डॅशबोर्ड सोडवावा लागत असल्याने मजुरीच मोठी होते. हेड गॅस्केट बदलताना हेड वाकले आहे का, हे मशीन शॉपमध्ये मोजून घेतलेच पाहिजे; अन्यथा नवे गॅस्केटही टिकत नाही.

नवे कूलंट निवडताना रंगावर जाऊ नये. रंगांना सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचे नारिंगी दुसऱ्या कंपनीच्या नारिंगीशी जुळेलच असे नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच घ्यावा. भरल्यानंतर आत अडकलेली हवा काढणे हा दुरुस्तीचाच भाग आहे. हवेचा फुगा राहिला, तर सुटा भाग नवा असूनही इंजिन तापते आणि मालकाला वाटते की निदान चुकले. गळती बुजवणारी बाटलीबंद रसायने तात्पुरती उपयोगी पडतात, परंतु तीच हीटर कोअरच्या बारीक नळ्याही बुजवू शकतात. भंगारात जाणाऱ्या गाडीचे काही महिने लांबवायचे असतील, तरच त्यांचा विचार करावा.

काढलेले कूलंट गटारात किंवा गवतावर ओतणे घातक आहे. इथिलिन ग्लायकॉल मूत्रपिंडे निकामी करते आणि गोड चवीमुळे कुत्री, मांजरे व लहान मुले त्याकडे ओढली जातात. अमेरिकेतील उत्पादकांनी २०१२ साली त्यात कडू द्रव्य मिसळण्याचे स्वेच्छेने मान्य केले. तरीही विष ते विषच. पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी १-८००-२२२-१२२२ या राष्ट्रीय विषबाधा साहाय्य क्रमांकावर तत्काळ संपर्क साधावा. जुने द्रव बंद डब्यात भरून काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्यावे.

खर्चाचा निर्णय

गॅरेजमध्ये गेल्यावर आधी केवळ निदानाचे काम द्यावे आणि तीन प्रश्न विचारावेत : दाबचाचणी किती दाबाला केली, काटा किती वेळात उतरला आणि गळती नेमकी कुठे दिसली. ‘दाखवा’ म्हटल्यावर दाखवणारा मेकॅनिक बहुधा विश्वासार्ह असतो. कॅलिफोर्नियात कायद्याने लेखी अंदाजपत्रक देणे आणि ग्राहकाची संमती घेणे बंधनकारक आहे; काढलेले जुने भाग परत मागण्याचाही हक्क आहे. इतर राज्यांत नियम भिन्न असले, तरी लेखी अंदाज मागण्यास कुठेच आडकाठी नाही. गाडी अजून हमीत असेल, तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले या कारणाने कंपनी हमी नाकारू शकत नाही.

मोठा आकडा समोर आला, की तुलना गाडीच्या बाजारभावाशीच करून थांबू नये. चार हजार डॉलर किमतीच्या गाडीवर दोन हजारांचा खर्च वरवर अविचारी वाटतो. पण बॉडी, गिअरबॉक्स आणि ब्रेक उत्तम असतील, तर तेवढ्या पैशांत तितकीच भरवशाची दुसरी जुनी गाडी मिळेल का, हा खरा प्रश्न आहे. उलटपक्षी इंजिन एकदा अति तापलेले असेल आणि चॅसिसला मिठाच्या रस्त्यांचा गंज लागला असेल, तर वरचा शंभर डॉलरचा भाग बदलण्यानेही समाधान होणार नाही.

दुरुस्तीनंतर पहिले दोन आठवडे टाकीवरची खूण रोज सकाळी पाहावी. हवा निघून गेल्याने सुरुवातीला पातळी किंचित उतरते; ती भरून काढल्यावर स्थिर राहिली, तर लांबच्या प्रवासाचा बेत करण्यास हरकत नाही. ती पुन्हा उतरू लागली, तर प्रवास पुढे ढकलून दाबचाचणी पुन्हा करून घ्यावी.