शेतातले इंधन : जमा आणि नावे

कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की चांदूर बाजारच्या आसपास शेतोशेती पऱ्हाट्या उभ्या राहतात. आपल्या वऱ्हाडातल्या चुली पिढ्यान्‌पिढ्या याच पऱ्हाट्यांवर आणि तुराट्यांवर पेटत आल्या. तेव्हा वनस्पतिजन्य इंधन ही वस्तू आपणांस परकी नाही. तिचे नाव तेवढे नवे आहे. तिचा जमाखर्च मात्र आपण क्वचितच मांडतो.

प्रथम जमेची बाजू पाहू. झाड वाढताना हवेतील कर्बवायू शोषून घेते आणि जळताना तोच परत देते. कोळसा वा खनिज तेल जाळले म्हणजे कोट्यवधी वर्षे भूगर्भात गाडलेला कर्ब हवेत नव्याने मिसळतो. हा भेद लहान नव्हे. शिवाय हे इंधन परदेशातून आणावे लागत नाही. हेक्टरी सुमारे २ ते ३ टन पऱ्हाट्या निघतात. त्यांचा भुसा दाबून कांड्या केल्या, म्हणजे त्या बॉयलरमध्ये कोळशाच्या जागी जळतात.

आता नावेची बाजू. पऱ्हाट्या हलक्या आणि जागा अडवणाऱ्या. लांब न्यावयाच्या तर वाहतुकीतच नफा सरतो. चुलीत घातल्या तर धूर घरातील बायकामुलांच्या छातीत जातो. बांधावर रचून ठेवल्या तर त्यांवरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढल्या हंगामात नव्या कपाशीवर उतरते. आणि सगळ्याच उचलून नेल्या तर जमिनीला परत काय मिळाले?

इंधनासाठी म्हणून स्वतंत्र पीक घेतले, तर प्रश्न अधिक बिकट होतो. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनीत मोगली एरंड लावण्याचा मोठा कार्यक्रम सुचविला होता. पण कोरड्या, निकस जमिनीत ते झाड जगते, भरघोस बी देत नाही, असा अनुभव आला. उसाचे तसे नाही. एक टन उसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल होते. तथापि उसाला पाणी अतोनात लागते, आणि लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलहून सुमारे एकतृतीयांशाने कमी भरते. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. ते पुढील हंगामासाठी उठविले. टाकी आणि ताट यांची ओढाताण ती हीच.

म्हणून आम्हांस असे वाटते की, क्रम ठरवून घ्यावा : आधी माणसाचे अन्न, मग गुरांची वैरण, मग जमिनीचा वाटा, आणि उरेल ते इंधन. वेचणी संपताच पऱ्हाट्या उपटाव्यात. कांड्यांचा कारखाना जवळ असेल तर काही तेथे पाठवाव्यात, बाकीच्यांचा बारीक चुरा करून कुजवून मातीस द्याव्यात. बांधावर ठेवू नयेत आणि शेतात पेटवूनही देऊ नयेत. शेतात पेटविलेल्या पऱ्हाटीचा धूर सर्वांच्या वाट्याला येतो, ऊब मात्र कोणालाच मिळत नाही.